आठ वाजता ते ठीक होते

१

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला एका म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूचा सीटी स्कॅन माझ्यासमोर आला. दहा त्रेचाळीसला मी त्याखाली लिहिलं, 'नवीन काही दिसत नाही.' अकराला वर त्यांना गुठळी विरघळवणारं औषध दिलं. दुपारी एकला त्याच डोक्याचा दुसरा स्कॅन आला आणि त्यात मेंदूच्या डाव्या भागात लिंबाएवढं रक्त साचलेलं होतं.

हे सगळं मी त्या माणसाचं तोंड न बघता पाहिलं, हे आधीच सांगून टाकते. माझं कामच तसं आहे. हॉस्पिटलच्या तळघरात एक खोली आहे, तिला खिडकी नाही, दिवा मंद, समोर तीन स्क्रीन. तिथे मी एकतीस वर्षं बसतेय. लोकांच्या मेंदूचे काप बघायचे आणि चार ओळी लिहायच्या. वरच्या मजल्यांवर मला 'तळघरवाल्या बाई' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान अजून शाबूत आहेत. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. एखाद्या दिवशी घरी गेल्यावर लक्षात येतं की आज आपण फोनवरच्या 'हां, पाठव' पलीकडे काही बोललोच नाही. त्याचं मला काही वाटत नाही असं मी लोकांना सांगते. वाटतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दार वाजलं. माझं दार कुणी वाजवत नाही, सगळे फोन करतात. उघडलं तर तातडीच्या विभागातली ड्यूटी डॉक्टर उभी. लहानखुरी, जेमतेम अठ्ठावीसची, डोळे रडून सुजलेले.

“मॅडम, दोन मिनिटं बसू?”

“बस. त्या खुर्चीतल्या फायली खाली ठेव.”

ती बसली आणि एका दमात सगळं बोलली. पेशंट बहात्तर वर्षांचे, एकटे राहणारे. आयुष्यभर कचेरीत बसून नकाशे काढले, म्हणून शेजारीपाजारी त्यांना नकाशेकाका म्हणतात. आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. अशा वेळी एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: हे शेवटचे ठीक कधी होते? त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत असलो तर हे औषध देता येतं. त्याहून उशीर झाला तर गुठळीने रक्त अडलेला मेंदूचा भाग मेलेला असतो, आणि औषधाने तिथेच रक्त फुटायची भीती असते. फॉर्मवर वेळ होती सकाळी आठची. आठ ते अकरा, तीन तास. सगळं नियमात बसत होतं.

“मग तुझ्यावर कसलं बालंट?”

“औषध वजनावर देतात. वजनकाटा बिघडलेला, म्हणून मी अंदाजाने साठ किलो धरलं. आयसीयूत सत्तावन्न भरलं. त्यांच्या लेकीने तक्रार केलीय. अधीक्षक म्हणतात, जास्त डोसमुळेच रक्त आलं. शुक्रवारी तीन वाजता चौकशी आहे. मी कंत्राटावर आहे, मॅडम. हा शेरा मारून काढलं तर मला कुठलंच हॉस्पिटल उभं करणार नाही.”

तीन किलोच्या फरकाने एवढं रक्त येत नाही. हे अधीक्षकांनाही कळत असणार. पण बळीचा बकरा शोधायचा झाला की कंत्राटावरचा सोयीचा पडतो.

“मी औषध बरोबर दिलं,” ती म्हणाली. “मग रक्त का आलं? तुम्ही तो स्कॅन परत एकदा बघाल का?”

बघते म्हटलं. ती गेली, मी दार लावलं आणि मंगळवारचा स्कॅन उघडला.

२

माझी एक सवय आहे. फॉर्म आला की मी तो टेबलावर पालथा घालते. आधी चित्र बघायचं, मनाशी ठरवायचं, मगच फॉर्म उलटायचा. कारण कागदावर जे लिहिलेलं असतं तेच मग डोळ्यांना दिसायला लागतं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते आणि सगळे मागून मला हसतात.

मंगळवारी तसं घडलं नव्हतं. फॉर्म यायच्या आधीच मशीनवरच्या टेक्निशियनचा फोन आला होता. “मॅडम, आठला ठीक होते म्हणे. वर औषध भरून तयार आहेत, जरा लवकर सांगा.” मी बघितलं. डोकं मशीनमध्ये थोडं कललेलं होतं. कललेल्या डोक्यात एक बाजू कधीकधी जरा गडद दिसते. डावी बाजू गडद दिसली, ती त्या कलण्याची, असं धरून मी मोकळी झाले. तीन मिनिटांत.

आता मला कुणी घाई करत नव्हतं. मी तोच काप मोठा केला, उजेड कमी-जास्त करून पाहिला. डाव्या बाजूला एक पाचर होती. आत निमुळती, बाहेर रुंद, कडा अगदी स्पष्ट. गुठळी अडकल्यावर पहिले काही तास सीटीवर मेंदू जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो. मग मेलेला भाग हळूहळू पाणी धरतो आणि काळवंडत जातो. एवढी ठसठशीत पाचर तीन तासांत होत नाही. हिला आठ-दहा तास तरी झालेले होते.

म्हणजे हा माणूस रात्रीच पडला होता. सकाळी आठ वाजता तो ठीक असणं शक्यच नव्हतं.

आणि हे दहा त्रेचाळीसलाही असंच दिसत होतं. मी तेव्हा नीट बघितलं असतं तर वर औषध दिलंच गेलं नसतं.

मी स्क्रीन बंद केला, उठून पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले. आणि कुणालाही काही सांगितलं नाही. चार महिन्यांनी मी निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक डाग नव्हता आणि खरं सांगायचं तर त्या नावाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतंही. त्या क्षणी मला त्या पोरीची दया आली नाही. स्वतःची आली.

मग डोक्यात आलं, ही आठची वेळ कुणीतरी दिली असणार. ती खोटी आहे हे मी सिद्ध केलं तर खापर त्याच्या डोक्यावर फुटेल. पोरगी सुटेल आणि मीही. वेळ देणारे तिघंच असू शकत होते: फॉर्म भरणारी डॉक्टर, पेशंटची लेक, नाहीतर ॲम्ब्युलन्समधून सोबत कुणी आलं असेल तर ते.

मी फोन उचलला.

३

पहिली शंका मला त्या पोरीचीच आली होती. आठ वाजले असं लिहिलं की औषध देता येतं. पेशंट वाचावा म्हणून वेळ पुढे ओढणारे डॉक्टर मी पाहिलेत.

“मी कशाला असं करीन?” ती फोनवर म्हणाली. आवाजात राग होता, ते मला बरं वाटलं. “शेजाऱ्यांनी सांगितलं. शिंपी आहेत ते, भिंतीला भिंत लागून राहतात. मी दोनदा विचारलं, शेवटचं बोलणं कधी झालं? म्हणाले, आठला, जिन्यात भेटले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. दहाला आपटल्याचा आवाज आला म्हणून दार फोडलं.”

गप्पा झाल्या. म्हणजे नुसतं लांबून पाहिलं नव्हतं. मी टेक्निशियनला खाली बोलावलं. हा सहा फुटांवर दोन बोटं, सगळे त्याला शिडी म्हणतात. आत येताना डोकं वाकवतो आणि तरीही दर वेळी चौकट लागते.

“शिडी, मंगळवारचं उतरवलेल्या वस्तूंचं रजिस्टर आण.”

स्कॅनच्या आधी डोक्यावरचं, तोंडातलं जे काही काढता येईल ते काढून वहीत लिहितात. शिडीने पान काढलं. “एक अंगठी, मॅडम. बाकी काही नाही.”

“चष्मा?”

“नव्हता.”

“कवळी?”

“नव्हती. तोंड रिकामंच होतं त्यांचं, बोळकं. माझ्यावर काही आलंय का? डोकं कललेलं राहिलं ते मला कळलं होतं, पण ते सारखे हलत होते हो.”

“तुझ्यावर काही नाही आलेलं. जा तू.”

काप घ्यायच्या आधी अख्ख्या डोक्याचा एक लांबट फोटो काढतो आम्ही, कुठून सुरुवात करायची ते ठरवायला. तो कुणी वाचत नाही. मी वाचला. वर दात नाहीत, खाली दात नाहीत. हाडं सांगत होती की ते जाऊन बरीच वर्षं झाली असावीत. मग हा माणूस बोळक्या तोंडाने जिन्यात उभा राहून गप्पा मारत होता?

असेलही, मी स्वतःशी म्हटलं. काही म्हातारे असतात तसे बिनधास्त. ते कोण सांगणार, लेकच सांगणार. गुरुवारी सकाळी ती आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर सापडली. पंचेचाळिशीची, कोट अंगातच, प्रवासाची बॅग पायाशी. दोन दिवस तशीच बसून असावी.

“त्या डॉक्टरला सोडवायला आलात?” ती म्हणाली.

“नाही. मला एकच विचारायचं आहे. तुमचे वडील कवळी लावतात?”

तिला प्रश्न विचित्र वाटला, पण उत्तर आलं. “लावतात म्हणजे काय, कवळीशिवाय बाबा दार उघडत नाहीत. आई गेली त्या दिवशीसुद्धा आधी आत जाऊन कवळी लावून आले, मग लोकांना घरात घेतलं. रात्री झोपताना तेवढी काढतात.” तिने पायाशी असलेली बॅग जवळ ओढली. “परवा घरी गेले तर उशाशी पेल्यात तशीच होती.”

“तुमचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?”

“सोमवारी रात्री नऊला. दर सोमवारी करते मी फोन.” मग मी काही न विचारता, “रोजच करायचा असं ठरवलं होतं. सुरुवातीला केलाही. मग कामं निघत गेली.”

मी तिच्या शेजारी बसले. माणसांशी बोलायची माझी सवय मोडलीय.

“शेजारचे काका आले होते का भेटायला?” मी शेवटी विचारलं.

“नाही ना. त्यांनी दार फोडलं म्हणून बाबा वाचले, आणि ते एकदाही आले नाहीत. फोन केला तर उचलत नाहीत.”

४

उठून निघाले तेव्हा आयसीयूची मोठी सिस्टर दारात भेटली. तिची-माझी वीस वर्षांची ओळख, पण फक्त फोनवरची. तिने मला आवाजावरून ओळखलं.

“अय्या, तुम्ही होय? मला वाटायचं तुम्ही उंच असाल.”

“निराशा झाली का?”

“थोडी,” ती हसली. मग आवाज खाली करून म्हणाली, “त्या पोरीला उगाच लटकवतायत बघा. तिने काही वावगं केलं नाही. एक सांगू? औषध सुरू केलं आणि यांचा डावा हात वाहायला लागला.”

“हात?”

“बोटांची पेरं. चारी पेरांची सालं निघालेली, अगदी सोलून. आले तेव्हा त्यावर खपल्या धरल्या होत्या, वाळून काळ्या झालेल्या. औषधाने रक्त पातळ झालं आणि सगळं पुन्हा वाहायला लागलं. मीच पट्टी बांधली. पडताना खरचटलं असेल म्हणून कागदावर काही लिहिलं नाही.”

मी तिथेच उभी राहिले. पडताना खरचटतं ते कोपर, गुडघा, कपाळ. चार पेरं एकसारखी सोलत नाहीत. आणि दहा वाजता पडलेल्या माणसाच्या खपल्या अकराला वाळून काळ्या होत नाहीत. ती जखम पहाटेची होती.

उजवी बाजू लुळी आहे. तोंडातून शब्द फुटत नाही. हाक मारता येत नाही. हलतो तो फक्त डावा हात. अशा माणसाने काय केलं असेल? बिछान्याशेजारची भिंत ठोकली असेल. एकदा-दोनदा नाही, सालं निघेपर्यंत. तासन् तास.

आणि त्या भिंतीपलीकडे शिंपी राहत होता.

५

त्याच दुपारी मी अर्धी रजा टाकली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

चार मजली जुनी इमारत, अरुंद जिना. तिसऱ्या मजल्यावर दोन दारं अंगाला अंग लावून. एकाची कडी उचकटलेली आणि दोरीने बांधलेली. दुसरं मी वाजवलं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग सत्तरीचा एक बारकेला माणूस, गळ्यात मोजपट्टी, दार बोटभर उघडून म्हणाला, “शिवण घेत नाही सध्या.”

“मी हॉस्पिटलमधून आलेय.”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “गेला का तो?”

“नाही. जिवंत आहेत.”

त्याने दार उघडलं. खोली एवढीशी, मशीन खिडकीपाशी, अर्धवट उसवलेले कोट, नीट घड्या घातलेले तुकडे. भिंतीला लागून एक फळी आणि फळीवर एक मोठा जुना रेडिओ. त्याची वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती.

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही मंगळवारी आठला त्यांच्याशी जिन्यात बोललात?”

“हो. सांगितलंय की मी.”

“कवळी होती का त्यांच्या तोंडात?”

“असेल की. नेहमी असते.”

“ती त्या वेळी त्यांच्या उशाशी पेल्यात होती. आणि त्यांच्या मेंदूच्या फोटोत दिसतंय की ते मध्यरात्रीच्या सुमारासच पडले. जिन्यात कुणीही आलं नव्हतं.”

तो मशीनच्या स्टुलावर बसला. बोटं मोजपट्टीशी चाळा करत होती.

“त्यांच्या डाव्या हाताची पेरं सोलून निघालीत,” मी म्हटलं. “ते भिंत ठोकत होते. तुम्हाला ऐकू आलं असणार.”

त्याने मोजपट्टी गळ्यातून काढून मशीनवर ठेवली.

“आमचं दोन वर्षं बोलणं नाही,” तो शेवटी म्हणाला. “आधी घट्ट होतो. बायको गेल्यावर घर खायला उठायला लागलं, म्हणून मी हा रेडिओ घेतला. पहाटे पाचला लावायचो. त्याला त्रास व्हायचा. सांगायला आला, मी ऐकलं नाही. भांडलो. मग तो भिंत ठोकायचा, आवाज कमी कर म्हणून. आणि तो ठोकायला लागला की मी मुद्दाम वाढवायचो. हे असंच चाललेलं, रोज. खरं सांगू का बाई, मला बरं वाटायचं. दिवसभरात कुणीतरी आपल्याशी काहीतरी बोलतंय असं वाटायचं.”

“मंगळवारी?”

“पाचला रेडिओ लावला. त्याने ठोकलं. मी वाढवला. तो ठोकतच राहिला. मी म्हटलं आज पेटलाय गडी, बघू कोण थकतं. मी आणखी वाढवला.” त्याने फळीवरच्या रेडिओकडे बघितलं. “दहाला वीज गेली, रेडिओ बंद पडला. आणि भिंत वाजतच राहिली. हळू. तेव्हा मला कळलं.”

मला त्याच्याकडे बघवेना.

“मग आठ का सांगितलंत?”

“तिथे ती मुलगी विचारायला लागली, शेवटचं कधी बोललात? दोन वर्षांपूर्वी, असं कुठल्या तोंडाने सांगू? आणि ते ठोकणं सांगितलं असतं तर... आठला तो सगळ्यांत जोरात ठोकत होता. एवढ्या जोरात ठोकणारा माणूस ठीकच असणार, नाही का? मी म्हटलं, आठला ठीक होता. मला काय ठाऊक त्या आठवर औषध द्यायचं होतं ते.”

मी त्याला सांगितलं की उद्या तीन वाजता चौकशी आहे आणि त्या मुलीची नोकरी जाणार आहे. त्याने डोळे पुसले, उठला आणि खुंटीवरचा सदरा काढून इस्त्रीची घडी बघायला लागला.

“येतो मी,” तो म्हणाला.

माझं काम झालं होतं. जिना उतरताना मला हलकं वाटायला हवं होतं.

६

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला अधीक्षक, त्यांच्या शेजारी दुसऱ्या हॉस्पिटलमधून बोलावलेले मेंदूविकाराचे डॉक्टर. समोर ड्यूटी डॉक्टर, हात मांडीवर. लेक भिंतीपाशी. शिंपी आत आला, उभ्याउभ्याच सगळं बोलला. रेडिओ, भिंत, आठ. काही लपवलं नाही आणि काही सौम्यही केलं नाही. ऐकताना लेकीने तोंडावर रुमाल धरला.

अधीक्षकांचा चेहरा मात्र उजळला. “म्हणजे वेळच चुकीची मिळाली. डोसचा काही संबंध नाही. हॉस्पिटलचा दोष नाही, डॉक्टरांचाही नाही.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “मॅडम, तुम्ही एवढा तपास केलात, आभार. विषय संपला.”

ड्यूटी डॉक्टरने पहिल्यांदाच श्वास सोडल्यासारखी मान वर केली. माझ्याकडे बघून हसली. सगळं मी ठरवलं होतं तसंच झालं होतं. पोरगी सुटली. मी सुटले.

शिंपी अजून उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. इस्त्रीच्या सदऱ्यात, हात जोडल्यासारखे पुढे धरून. आता तो त्या खोलीत परत जाणार होता, त्या भिंतीजवळ, आणि उरलेलं आयुष्य तिथे बसून म्हणणार होता की मी एकट्याने हे केलं. एकट्याने बसून एखादी गोष्ट किती मोठी करता येते, हे मला चांगलं माहीत आहे.

“एक मिनिट,” मी म्हटलं. “मला एक फोटो दाखवायचा आहे.”

मी भिंतीवरच्या स्क्रीनवर दहा चाळीसचा तो काप लावला. नाव, वेळ, सगळं झाकून. आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरांना म्हटलं, “काहीही सांगत नाही. हे किती जुनं वाटतं?”

त्यांनी चष्मा वर सारला. पाच सेकंदही लागले नाहीत. “आठ-दहा तास. जास्तच, कमी नाही. याला ते औषध द्यायचंच नाही. का, कुणी दिलं की काय?”

“हा मंगळवारचा दहा चाळीसचा स्कॅन आहे. औषध द्यायच्या आधीचा.” मी नाव उघडं केलं. “शेजाऱ्यांनी चुकीची वेळ सांगितली, हे खरं. पण अशी चूक पकडायलाच तर हा स्कॅन काढतात. माणसं घाबरतात, लाजतात, विसरतात. फोटोत ते काही येत नाही. याच्यात रात्रीची वेळ लिहिलेली होती आणि खाली ज्याने सही केली त्याने ती वाचली नाही. आठ वाजले हे ऐकलं होतं, म्हणून त्याला आठच दिसले.”

“कुणाची सही आहे?” अधीक्षकांनी विचारलं. मला वाटतं त्यांना उत्तर नको होतं.

“माझी. हे मला बुधवारीच कळलं होतं. तेव्हापासून मी दुसरा कुणीतरी शोधत होते.”

ड्यूटी डॉक्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने मान खाली घातली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा काय दोष? दोन दिवस ती झोपली नव्हती आणि मला सगळं ठाऊक होतं.

अधीक्षकांनी टोपण काढलं आणि लिहायला सुरुवात केली. लेक उठली. मला वाटलं ती माझ्या अंगावर येईल. ती शिंप्यापाशी गेली, त्याच्यासाठी खुर्ची ओढली, आणि मग मला म्हणाली, “वर या. त्यांना सांगा.”

७

आयसीयूत आत जाऊन एखाद्या पेशंटला मी कधी भेटले नव्हते. सिस्टरने पडदा सारला. नकाशेकाका जागे होते. मी ज्यांच्या मेंदूचं वळणन् वळण ओळखत होते, त्यांना भुवया अशा जाड असतील हे मला ठाऊक नव्हतं. लेकीने त्यांना कवळी लावून दिली होती. शिंपीही आमच्याबरोबर वर आला होता; आम्हा दोघांत आधी पुढे कोण जाणार ते कळेना. शिंपी गेला. त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला, ते मी मुद्दाम ऐकलं नाही.

मग मी पुढे झाले.

“काका, तुमच्या डोक्याचा पहिला फोटो मी बघितला होता. तुम्ही रात्रीच पडलात हे त्यात दिसत होतं. मी घाईत बघितलं. मी नीट बघितलं असतं तर हे रक्त आलं नसतं. बोलणं कदाचित काही दिवसांनी थोडं तरी परत आलं असतं. चूक माझी आहे.”

ते माझ्याकडे बघत होते. नजर स्वच्छ होती. ऐकलेलं सगळं नाही तरी पुष्कळसं पोचलं असावं. त्यांनी ओठ हलवले. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या आणि आत कुठूनतरी ओढून काढल्यासारखा एक आवाज आला. शब्द नव्हता. त्यांनी तो पुन्हा काढला, आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत, अगदी काहीतरी ठरवून सांगावं तसा. आणि दमून उशीवर मान टाकली.

ती शिवी होती, की माफी, की नुसतं पाणी मागितलं होतं, मला कळेना. मेंदूचा नेमका जो भाग शब्द जुळवतो तिथेच ते रक्त बसलं होतं. एकतीस वर्षं मी बघतेय, तिथे एवढं झाल्यावर ते पूर्ण परत येत नाही.

शिंपी माझ्याकडे वळला. डोळे लाल, पण आशेने भरलेले. मी डॉक्टर, मला कळलंच असणार, असं त्याला वाटत होतं.

“काय म्हणाला हो तो?” त्याने विचारलं.

“माहीत नाही, काका,” मी म्हटलं.